महाराजांची नाडी

रंगोबा महाराज शेलवडीला आले ते काही ठरवून नव्हे. बालाघाटच्या डोंगरातून चालत चालत आले, गावाबाहेर एका जुन्या चिंचेखाली पाठ टेकली आणि पुढची कित्येक वर्षे तिथेच राहिले. शेलवडी म्हणजे खडकाळ माळावरचे गाव. रायाजी पाटलांची फार इच्छा होती की महाराजांसाठी मठ बांधावा. महाराज म्हणाले, "भिंत घातली की दार आलं, आणि दार आलं की ते लावून घ्यायचा मोह आला. आम्हाला सावली पुरे." चिंचेखाली एक घोंगडे आणि पाण्याचा तांब्या, एवढाच त्यांचा संसार.

दर्शनाला कोणीही येवो, महाराज त्याला दोनच गोष्टी विचारीत. जेवलास का? झोप लागते का? गावातल्या शिकलेल्या मंडळींना याचे हसू येई. बुवा परमार्थाचे चार शब्द बोलत नाहीत, आईने लेकराला विचारावे तसे खाण्यापिण्याचे विचारतात, असे ते म्हणत. पण ज्यांना दुसरे कोणी हे विचारत नव्हते, ती माणसे वाट वाकडी करून चिंचेखाली येत.

त्याच गावात त्रिंबकशास्त्री नावाचे नामांकित वैद्य राहत. त्यांच्याविषयी आधीच सांगायला हवे की ते वाईट गृहस्थ नव्हते. हाताला गुण होता, अभ्यास दांडगा होता आणि गरिबाकडून त्यांनी कधी काही घेतले नाही. ओसरीवर बसलेल्यांची ते नाडी पाहत, डोळे पाहत, जीभ पाहत. ज्यांना ओसरीवर यायची मुभा नव्हती, ते कुंपणाबाहेर उभे राहून आपले दुखणे ओरडून सांगत. शास्त्रीबुवा आतूनच ऐकत, पुडी बांधत आणि ती कुंपणाजवळच्या दगडावर ठेवली जाई. त्या लोकांची नाडी पाहायचा प्रश्नच नव्हता, कारण नाडी पाहायची तर हात धरावा लागतो. तरीही आपण कोणात भेद करतो असे शास्त्रीबुवांना कधी वाटले नाही. ते अभिमानाने म्हणत, "पाटलाला जी पुडी, तीच वडाराला. माझ्या औषधाला जात नाही." आणि ते खरेही होते.

एका वर्षी गावाने नवी विहीर काढायला घेतली होती. त्या कामासाठी वडारांची काही पाले दगडाच्या खाणीजवळ उतरली. त्यांनी विहीर खणली, पाणी लागले, आणि आता तिच्या पायऱ्यांसाठी दगड फोडायचे काम चालू होते. त्या पालांत यल्लव्वा नावाची एक बाई होती. नवरा दरड अंगावर येऊन गेलेला, पदरी मूल नाही. तिचे म्हणून जगात एकच माणूस होते, तिची म्हातारी आई गंगव्वा.

खाणीकडून विहिरीकडे जायची वाट चिंचेवरूनच जाई. यल्लव्वा रोज सकाळी लांबून जमिनीला हात लावून महाराजांना नमस्कार करी. महाराज विचारीत, "जेवलीस का, बाई?" ती म्हणे, "व्हय बाबा." कधी ते खरे असे, कधी नसे. नसले की महाराज तिला हाक मारून जवळ बोलवीत आणि कोणीतरी आणून ठेवलेली भाकरी तिच्या पदरात घालीत. तिने त्यांच्याकडे कधी काही मागितले नव्हते. कोणीतरी रोज विचारते, हेच तिला फार होते.

पावसाळा सरता सरता गंगव्वाला ताप आला. आधी सगळ्यांना वाटले, येईल आणि जाईल. तो जाईना. म्हातारी दगडासारखी टणक, आयुष्यभर पहार चालवलेली. पण हळूहळू तिचे बोलणे तुटक झाले, मग ती अन्नाला नको म्हणू लागली. यल्लव्वा काम टाकून शास्त्रीबुवांच्या कुंपणाशी गेली आणि ओरडून आईचे दुखणे सांगितले. शास्त्रीबुवांनी तापावरची उत्तम मात्रा बांधून दिली आणि ती कशी द्यायची तेही आतून सांगितले: गाईच्या तुपातून चाटवायची, वर ताजे दूध, आणि जुन्या तांदळाच्या पेजेखेरीज पोटात काही जाऊ द्यायचे नाही. यल्लव्वाने सगळे मान हलवून ऐकले.

औषध संपले. ताप तसाच राहिला. ती पुन्हा कुंपणाशी गेली. त्या दिवशी ओसरी भरलेली होती. शास्त्रीबुवांनी विचारले, "पथ्य पाळलं का?"

यल्लव्वाला खोटे बोलता आले असते. पण आईच्या औषधाची गोष्ट होती. ती म्हणाली, "न्हाई जी. तूप कुठलं आमच्यात. कण्या शिजवते, त्येच्यावरचं पानी पाजते."

शास्त्रीबुवा ओसरीकडे वळले. "ऐकलंत? वर हीच गावभर सांगेल की शास्त्र्याच्या औषधाला गुण नाही. औषध बिचारं काय करील? उंदीर-घुशी खाणाऱ्यांच्या पोटात गेलं की तेही बिळात जाऊन बसतं."

ओसरीवर हशा पिकला. मग त्यांनी यल्लव्वाला सांगितले, "पथ्य होत नसेल तर माझ्याकडे येऊ नकोस. ते तुझे चिंचेखालचे बुवा आहेत ना, त्यांच्याकडे जा. त्यांच्या अंगाऱ्याला पथ्य लागत नाही." यावर लोक आणखी हसले. महाराज कोणाला अंगारा देत नसत, हे सगळ्यांना ठाऊक होते.

यल्लव्वा चिंचेखाली आली तेव्हा तिने शास्त्रीबुवांबद्दल एकही वाकडा शब्द काढला नाही. घडले ते सांगितले आणि म्हणाली, "चूक माझीच हाय, बाबा. त्यांनी सांगितलं आन् माझ्यानं झालं न्हाई. आता तुमीच अंगारा द्या."

"अंगारा नाही," महाराज म्हणाले. "शास्त्रीबुवांचं औषध उत्तम आहे. तुझ्या आईला तेच लागू पडेल."

यल्लव्वाला वाटले, हेही दार मिटले. ती हळूच म्हणाली, "मग लागू का पडंना?"

महाराजांनी घोंगडे उचलून खांद्यावर टाकले आणि खाणीच्या वाटेला लागले.

पाल म्हणजे काठ्यांवर टाकलेल्या गोधड्या आणि गवत. आत उभे राहता येत नाही, आणि दोन माणसे निजली की बाकीच्यांना अंग चोरून बसावे लागते. महाराज वाकून आत गेले. गंगव्वा डोळे मिटून पडली होती. श्वास येई, थांबे, पुन्हा येई. आईच्या उशाशी बसून ज्यांनी त्या मधल्या थांबण्याकडे कान लावला आहे, त्यांना यल्लव्वाची अवस्था वेगळी सांगायला नको.

महाराजांनी म्हातारीचे मनगट हातात घेतले. ती आजारी पडल्यापासून पालाबाहेरच्या कोणी तिचा हात धरला, तो हा पहिल्यांदा. तिने डोळे उघडले.

"आजी," महाराज म्हणाले, "एवढं ओझं एकटीनं का वाहता? अर्धं आमच्याकडे द्या."

गंगव्वाच्या ओठांवर हसू आले. आयुष्यभर फिरक्या घेत जगलेली बाई, आताही सोडीना. क्षीण आवाजात म्हणाली, "वडाराचं वझं हाय, बाबा. तुमाला पेलंल व्हय?"

"बघू तर," महाराज म्हणाले.

आणि बोलता बोलता त्यांचे अंग थरथरू लागले. यल्लव्वाने पाहिले, त्यांचे डोळे लाल झाले, ओठ सुकले. तिने आईच्या कपाळावर हात ठेवला, तर ते पहिल्याइतके भाजत नव्हते. महाराज तिथेच, गंगव्वाशेजारी, गोधडीवर आडवे झाले.

महाराज आजारी पडले आणि वडाराच्या पालात पडले आहेत, ही बातमी गावात पोचायला वेळ लागला नाही. रायाजी पाटील डोली घेऊन धावत आले. महाराजांना वाड्यावर नेऊ म्हणाले. महाराज म्हणाले, "आम्ही इथून हलणार नाही. इथेच काय करायचं ते करा." पाटलांनी विनवण्या केल्या, डोळ्यांतून पाणी काढले, उपयोग झाला नाही. तेव्हा त्रिंबकशास्त्र्यांना बोलावणे गेले.

शास्त्रीबुवांनी निघताना ओसरीवर ऐकवलेच, "अंगारा संपला वाटतं. आता बुवांनाच वैद्य लागला." पण ते आले. परत जाऊन स्नान करायचे, कपडे भिजवायचे, हे मनाशी ठरवून पालात वाकून शिरले. महाराजांचे मनगट धरले. बोटांना काही लागले नाही. दुसरे मनगट धरले. तिथेही काही नाही. कपाळ तव्यासारखे तापलेले, छाती वरखाली होते आहे, आणि नाडी नाही! त्यांनी आयुष्यभरात ज्यांच्या मनगटाला नाडी नाही अशी माणसे पाहिली होती, पण ती चितेवर ठेवायची. हा माणूस त्यांच्याकडे पाहून हसत होता.

"वैद्यराज, तिथं शोधून सापडायची नाही," महाराज म्हणाले. "आमची नाडी आम्ही आजींकडे ठेवायला दिली आहे. त्यांचा हात पाहा."

शास्त्रीबुवांना वाटले, तापात बरळताहेत. त्यांनी म्हातारीकडे पाहिलेही नाही. जवळची सर्वांत चांगली मात्रा काढली आणि मधातून महाराजांना चाटवली. महाराजांनी ती शहाण्या मुलासारखी घेतली. पाटलीणबाईंनी घरच्या गाईचे दूध पाठवले होते, तेही घेतले. सगळे क्षणात उलटून पडले. पुन्हा दिले, पुन्हा उलटले. पाण्याचा घोटसुद्धा ठरेना. संध्याकाळपर्यंत महाराजांचा आवाज खोल गेला. तिकडे गंगव्वाने डोळे उघडले होते खरे, पण तिच्यातही उठायचे बळ नव्हते. अर्धा ताप तिच्याकडे उरलाच होता. दोघेही एकाच दिव्यातल्या दोन वातींसारखे मंद होत चालले.

घरी जाऊन शास्त्रीबुवांनी पोथ्या काढल्या. औषधात चूक नव्हती. त्यांना ते पक्के माहीत होते, आणि त्यामुळेच त्यांना अन्न गोड लागले नाही.

सकाळी ते पुन्हा आले तेव्हा पालाबाहेर अर्धे गाव जमले होते. पाटील म्हणाले, "शास्त्रीबुवा, हा माणूस आमच्या हातून जाऊ देऊ नका." शास्त्रीबुवा आत वाकले. महाराजांचे डोळे मिटलेले होते. आज ते काही बोललेही नाहीत.

शास्त्रीबुवांनी खांद्यावरचे रेशमी उपरणे काढले, गंगव्वाच्या मनगटावर पसरले आणि त्यावरून बोटे टेकवली. सोवळ्याला धक्का न लावता नाडी पाहायची ही त्यांची तोड होती. काही लागले नाही. त्यांनी बोटे दाबली. रेशमाखेरीज बोटांना काहीच कळेना.

यल्लव्वा आईच्या पायाशी बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर शास्त्रीबुवांना सोपे गेले असते.

त्यांनी उपरणे काढून बाजूला ठेवले आणि म्हातारीचे मनगट उघड्या हाताने धरले.

बोटांखाली नाडी उठली. एक नव्हे, दोन! एक दमलेली, अडखळणारी, दगड वाहून थकलेल्या माणसाची. आणि तिच्या पावलाला पाऊल लावून, तिला सोबत करीत चालणारी दुसरी. शास्त्रीबुवांनी घाईने डाव्या हाताने महाराजांचे मनगट धरले. काल मुकी असलेली ती नाडी आता तिथेही तशीच चालत होती. म्हातारी अडखळली की महाराज अडखळत. म्हातारी खोकली, आणि शेजारी महाराजांची छाती हलली.

मग त्यांच्यातला वैद्य जागा झाला. त्यांनी पुडी सोडली आणि यल्लव्वाला विचारले, "इतके दिवस हिला पुडी कशातून देत होतीस?"

"पान्यातून."

"कुठलं पाणी? आण बघू."

तिने कोपऱ्यातले मडके पुढे केले. खाणीच्या डबक्यातले पाणी. वर हिरवट साय, खाली दगडाची भुकटी. शास्त्रीबुवांनी त्यात पाहिले. "अगं, पण विहिरीला तर पाणी लागलंय. चांगलं गोड पाणी आहे."

यल्लव्वाने पालाच्या तोंडाशी उभ्या पाटलांकडे पाहिले. पाटलांनी मान खाली घातली. ती म्हणाली, "ती गावाची हाय, बाबा. आमी निसती खनली."

शास्त्रीबुवांचा हात गंगव्वाच्या मनगटावर तसाच राहिला. कोणाच्या शरीरात काय बिघडले आहे हे ते बोटांनी ओळखत आले होते. आणि इथे बोटांचीही गरज नव्हती, नुसते विचारायचे होते. ते त्यांनी कधी विचारले नव्हते. उलट उत्तर मिळाले तेव्हा ते हसले होते.

"पाटील," ते म्हणाले, आणि त्यांचा नेहमीचा चढा आवाज कुठे गेला कोणास ठाऊक, "माझी पुडी सगळ्यांना सारखी होती. बाकी काहीच सारखं नव्हतं. हे मला दिसायला महाराजांना तापात पडावं लागलं."

पाटलीणबाई महाराजांसाठी दुधाचे भांडे घेऊन बाहेर उभ्या होत्या. शास्त्रीबुवांनी ते आत मागवले, आणि तुपाची वाटीही मागवली. मात्रा तुपात कालवून त्यांनी स्वतःच्या बोटाने गंगव्वाच्या जिभेला लावली. मग यल्लव्वाने आईची मान उचलून धरली आणि दूध घोटघोट पाजले. पालाच्या तोंडाशी वाकून उभे असलेल्यांनी पाहिले, म्हातारी एकेक घोट गिळत होती आणि शेजारी महाराजांचा कंठ हलत होता. भांडे संपता संपता महाराजांच्या कपाळावर घामाचे थेंब दिसू लागले. मग मानेवर, मग छातीवर. ताप उतरत होता! त्यांच्या तोंडात कोणी थेंबही घातला नव्हता.

महाराजांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "आता पोचलं."

पुढचे काही दिवस शेलवडीत जे चालले, ते याआधी कोणी पाहिले नव्हते. विहिरीचे पाणी उकळून पालात येऊ लागले. पाटलांच्या कणगीतले जुने तांदूळ आले. पालावर नवे, दाट छप्पर चढले. सगळे गाव एका दिवसात बदलले, असे म्हणणे खरे होणार नाही. काही जण दूध आणीत ते केवळ महाराजांसाठी, आणि ते म्हातारीच्या तोंडात जाताना मान फिरवीत. पण दूध येत होते. शास्त्रीबुवा रोज सकाळी येत. आधी गंगव्वाचा हात पाहत, मग महाराजांचा. यल्लव्वाला ते आता "बाई" म्हणत.

गंगव्वा उठून बसली, पेज मागून घेऊ लागली, लेकीवर खेकसूही लागली. तरी महाराजांच्या अंगातली थोडी कणकण जाईना. शास्त्रीबुवा बुचकळ्यात पडले. त्यांनी विचारले तेव्हा महाराज म्हणाले, "पलीकडच्या पालात एक लेकरू खोकतंय. त्याच्या पुढच्या पालात एक बाळंतीण आहे, तिला अंगावर दूध नाही."

शास्त्रीबुवा उठले आणि पलीकडच्या पालात गेले. त्याच्या पुढच्याही पालात गेले. त्या दिवशी ते घरी परतले तेव्हा संध्याकाळ झाली होती. खाणीजवळचे एकही पाल त्यांनी सोडले नव्हते, आणि प्रत्येक ठिकाणी आधी विचारले होते की काय खाता, पाणी कुठले पिता.

दुसऱ्या सकाळी महाराज उठून बसले. अंगात तापाचा मागमूस नव्हता. त्यांनी गंगव्वाकडे पाहून विचारले, "जेवलात का, आजी?" गंगव्वा म्हणाली, "तुमी निजला व्हता तवा. कवाच." यल्लव्वा पदर तोंडाला लावून हसली. तिला हसताना महाराज किती दिवसांनी पाहत होते!

शास्त्रीबुवा आत आले. ते नाडी पाहायला हात पुढे करतील असे सगळ्यांना वाटले. पण ते गुडघ्यांवर बसले. म्हणाले, "महाराज, मी तुम्हाला हसलो."

"आम्हाला हसलात त्याचं काही नाही," महाराज म्हणाले. "लोक हसतात, आम्हालाही हसू येतं. पण शास्त्रीबुवा, ही पोर कुंपणाशी उभी राहून खरं बोलली आणि तुम्ही तिला हसलात, आमच्या अंगात ताप तेव्हाच भरला होता. इथं येऊन आम्ही फक्त आडवे झालो."

शास्त्रीबुवांच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्यांनी डोके खाली नेले. पालात जागा ती किती; महाराज आणि गंगव्वा शेजारी शेजारी पाय पसरून बसलेले. शास्त्रीबुवांचे कपाळ टेकले ते भेगा पडलेल्या, उन्हाने काळवंडलेल्या, दगडांच्या कपच्या रुतून खडबडीत झालेल्या पावलांवर. गंगव्वा दचकली. तिने पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवले होते.

"अवो बाबा," ती घाबरून म्हणाली, "म्हाराजांचं पाय तिकडं. हे माझं हायती."

"ठाऊक आहे," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि त्यांनी डोके उचलले नाही.